शाळेच्या दारी माजी सैनिक

३० मे २०१६ ची रात्र उलटून एकचा सुमार झाला असेल. वर्धा जिल्ह्यातील पुलगाव येथील केंद्रीय दारूगोळा भांडारात आग लागली आणि पाठोपाठच्या स्फोटांनी सारा आसमंत हादरून गेला. आग आटोक्यात आणण्यासाठी धावलेल्यांपैकी दोन लष्करी अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक जणांना प्राणास मुकावे लागले. आगरगाव, नागझरी, पिपरी या भांडारालगतच्या गावांतील लोक त्या रात्री झोपलेली मुले उचलून, मिळेल त्या वाहनाने आणि मिळेल त्या वाटेने घराबाहेर पडले. त्यानंतर दोनच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी, याच भांडाराच्या आवारात जुना दारूगोळा नष्ट करीत असताना स्फोट झाला आणि सहा जण ठार झाले. त्यांत आसपासच्या खेड्यांतून रोजंदारीवर आलेले मजूर होते.

अशा घटनांच्या चौकश्या होतात, आणि त्या व्हावयासच हव्यात. परंतु चौकशीचा विषय आग कशी लागली हा असतो. त्या रात्री आईच्या कडेवरून पळत निघालेल्या मुलाच्या मनात पुढे काय उरले, हा तिचा विषय नसतो. मे महिन्यात शाळा सुट्टीत होत्या. जूनअखेर त्या उघडल्या, तेव्हा ते मूल पाटी-दप्तर घेऊन वर्गात येऊन बसले असेल. पोळ्याच्या किंवा दिवाळीच्या फटाक्याला ते दचकले असेल; एरवी शांत असणारे मूल एकाएकी भांडखोर झाले असेल; गणितात त्याचे लक्ष लागत नसेल. गुरुजींनी त्याला आळशी ठरविले असेल, किंवा उद्धट. त्यात गुरुजींचा दोष नाही. मनाच्या जखमेला रक्त येत नाही, आणि ती ओळखण्याचे शिक्षण आपल्या अध्यापक विद्यालयांतून क्वचितच मिळते.

एक घोषणा आणि तिचा अर्थ

हे सारे आज आठवण्यास एक निमित्त आहे. २०२५ च्या जूनच्या प्रारंभी महाराष्ट्राचे शालेय शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी पहिलीपासूनच्या विद्यार्थ्यांना प्राथमिक स्वरूपाचे लष्करी प्रशिक्षण देण्याचा मनोदय जाहीर केला. देशप्रेम, शिस्त आणि व्यायामाची आवड निर्माण व्हावी हा त्यामागील हेतू सांगण्यात आला, आणि त्यासाठी क्रीडाशिक्षक व राष्ट्रीय छात्रसेना यांच्याबरोबरच सुमारे अडीच लाख माजी सैनिकांचे साह्य घेण्याची कल्पना मांडण्यात आली. त्याच्या महिनाभर आधी, ७ मे २०२५ रोजी, देशभर नागरी संरक्षणाच्या सरावासाठी भोंगे वाजले होते. म्हणजे शाळा आणि सैनिक यांना एकत्र आणण्याचा विचार हवेत आहे. तो कितपत अंमलात येईल हा प्रश्न बाजूस ठेवला, तरी त्याआधीचा एक प्रश्न उरतोच: माजी सैनिक शाळेत आला, तर त्याने तेथे नेमके काय करावे?

याचे सोपे उत्तर सर्वांच्या जिभेवर तयार आहे. त्याने शिटी वाजवावी, मुलांना सावधान-विश्राम शिकवावा, रांगेत उभे करावे आणि भित्र्या पोरांना धीट करावे. प्रस्तुत लेखकास हे उत्तर अपुरे वाटते. सैनिकापाशी कवायतीहून कितीतरी मोलाचे असे एक ज्ञान आहे. भीती म्हणजे काय, ती शरीरात कोठे बसते, आणि प्रसंग टळून गेल्यावरही ती माणसाला का सोडीत नाही, हे त्याच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिलेले असते. शाळेला खरी गरज आहे ती या ज्ञानाची.

सैन्याने हे कसे शिकले

हे ज्ञान सैन्याला सहजासहजी मिळालेले नाही. पहिल्या महायुद्धात तोफांच्या भडिमाराखालून परतलेले कित्येक सैनिक अंगावर ओरखडाही नसताना थरथर कापू लागले. कोणाची वाचा गेली, कोणाची दृष्टी. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांविषयी लिहिताना ‘शेल शॉक’ हा शब्द वापरला. परंतु डॉक्टरांनी नाव दिले म्हणून सेनाधिकाऱ्यांना ते पटले असे झाले नाही. पळून गेल्याच्या, भेकडपणाच्या आणि अशाच अन्य आरोपांवरून त्या युद्धात ब्रिटिश सैन्याने आपल्याच तीनशेहून अधिक सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतले कित्येक मनाने मोडून गेलेले रुग्ण होते, ही जाणीव पुढे बळावत गेली आणि २००६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून त्यांना मरणोत्तर क्षमा दिली. चूक कबूल करण्यास नव्वद वर्षे लागली.

त्याच युद्धात मराठी पलटणींनीही कमी भोगले नाही. मेसोपोटेमियातील कुत-अल-अमारा येथे डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत पडलेल्या वेढ्यात मराठा पलटणींचे जवान उपासमार सोशीत अडकून पडले होते. त्यांतून जे जिवंत परतले, त्यांच्या घरांत त्या रात्रींना काय नाव होते, हे इतिहासाने लिहून ठेवलेले नाही. या विकाराला वैद्यकशास्त्रात रीतसर स्थान मिळावयास पुढे १९८० साल उजाडावे लागले. व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांनी आणि त्यांच्या डॉक्टरांनी लावून धरल्यामुळे अमेरिकेच्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने त्या वर्षी आघातोत्तर तणावाच्या विकाराचा आपल्या यादीत समावेश केला.

या प्रदीर्घ अनुभवातून सैन्याने काही साध्या गोष्टी शिकून घेतल्या. मोडलेल्या सैनिकाला दूरच्या इस्पितळात पाठविण्यापेक्षा त्याच्या पलटणीच्या जवळच ठेवावे. उपचार लवकर सुरू करावेत. आणि ‘तू बरा होशील’ हा विश्वास त्याच्याशी वागताना सतत दिसावा. जवळ, लवकर आणि विश्वासाने ही तीन सूत्रे पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस रूढ झाली. त्यांचा हेतू सैनिकाला पुन्हा खंदकात धाडण्याचा होता, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु सूत्रे खरी होती. आघात झालेल्या मुलालाही हेच हवे असते: त्याची नेहमीची शाळा, नेहमीचा वर्ग, शेजारी नेहमीचा मित्र, आणि ‘काय झाले आहे याला?’ असे इतरांना न विचारता ‘काय झाले रे, बाळा?’ असे त्यालाच विचारणारे कोणी वडीलधारे माणूस.

सुरक्षेच्या नावाने

सुरक्षेचा विचार मनाला वगळून केला म्हणजे काय घडते, याचे एक दारुण उदाहरण आपल्याच देशात आहे. जुलै २०१८ मध्ये कोइम्बतूर येथील एका महाविद्यालयात आपत्तीच्या वेळी बचाव कसा करावा याचे प्रात्यक्षिक चालू होते. खाली जाळे धरून सहाध्यायी उभे होते. दुसऱ्या मजल्याच्या कठड्यावर बसविलेली एक एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी उडी घेण्यास धजत नव्हती. प्रशिक्षक म्हणविणाऱ्या इसमाने तिला ढकलले. खालच्या मजल्याच्या सज्जावर डोके आपटून ती मरण पावली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने त्या इसमाशी आपला संबंध नसल्याचे जाहीर केले. त्या मुलीची भीती हा खरे तर शहाणपणाचा आवाज होता. शिकविणाऱ्याला तो दुबळेपणा वाटला.

अमेरिकेत शाळांवर होणाऱ्या गोळीबारांमुळे तेथे सरावांचे पेवच फुटले. जानेवारी २०१९ मध्ये इंडियाना राज्यातील एका प्राथमिक शाळेत सरावाच्या वेळी शिक्षकांना भिंतीकडे तोंड करून गुडघ्यांवर बसविण्यात आले आणि त्यांच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या गोळ्या झाडण्यात आल्या. पुढे २०२० मध्ये तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, मुलांना फसवून किंवा हुबेहूब हल्ल्याचा देखावा उभा करून घेतलेल्या सरावांविरुद्ध स्पष्ट इशारा दिला. ज्या सरावाने मूल रात्री झोपेतून किंचाळत उठते, त्याला सुरक्षेचा सराव म्हणता येणार नाही.

याचा अर्थ सराव नकोत असा मात्र मुळीच नाही. हरयाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या समारंभात मंडपाला आग लागून चारशेहून अधिक माणसे मेली, त्यांत मुलांची संख्या मोठी होती. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूतील कुंभकोणम येथे शाळेच्या आगीत ९४ मुले जळाली. त्यानंतर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असा निर्वाळा दिला. तरीही २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातील पिपलोदी येथे शाळेचे छत कोसळून सात मुले मरण पावली. वरून खडे पडत असल्याचे मुलांनी सांगितले होते आणि त्यांना गप्प बसविण्यात आले, अशी हकिगत त्या वेळी वृत्तपत्रांतून आली. योगायोग असा की, त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्याविषयी देशभरच्या शिक्षणसंस्थांना निर्देश दिले. शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा, हा त्यांतील एक. छत आणि मन या दोन्ही गोष्टी एकाच दिवशी देशासमोर आल्या. त्या वेगळ्या नाहीतच. पडणारे खडे पाहून घाबरलेल्या मुलाचे म्हणणे ऐकणे, ही सुरक्षेची पहिली पायरी होय.

माजी सैनिकाने काय करावे

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्याकडील जवान बहुधा पस्तीस ते चाळीसच्या वयात निवृत्त होऊन गावी परततो. अंगात बळ असते, गावाला ओळखतो, गाव त्याला मान देते. पुढे बहुतेकांच्या वाट्याला बँकेच्या किंवा कारखान्याच्या दारावरील रखवालदारी येते. त्याच्या ज्ञानाचा याहून चांगला उपयोग शाळा करून घेऊ शकेल.

पहिली गोष्ट पाहणीची. मोहिमेपूर्वी जमीन पायांखालून घालणे, ज्याला सैनिक ‘रेकी’ म्हणतो, हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. त्याने शिक्षक आणि मुले यांना बरोबर घेऊन शाळा हिंडावी. कोणते दार आत उघडते, कोणत्या खिडकीचे गज निघत नाहीत, विहिरीला कठडा आहे काय, विजेची तार कोठून गेली आहे, पावसाळ्यात साप कोठे निघतात, नाल्याला पूर आला तर पलीकडच्या वस्तीवरची मुले घरी कशी जाणार? २०२२ च्या जुलैतील अतिवृष्टीत हिंगणघाट-समुद्रपूरकडील लोकांनी पाण्याचे जे रूप पाहिले, ते विसरण्याजोगे नाही. या फेरीत मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा: ‘तुम्हाला शाळेत कोठे भीती वाटते?’ स्वच्छतागृहामागचा कोपरा, वाटेवरचे पानाचे दुकान, सर्वांदेखत मारणारे एखादे गुरुजी, अशी उत्तरे येतील. ती कोणत्याही नकाशावर नसतात.

दुसरी गोष्ट सरावाची. सराव आधी सांगून घ्यावा. तो लहान असावा, वारंवार व्हावा, इतका की तो कंटाळवाणा वाटू लागावा. कवायतीचे खरे मर्म हेच आहे. ती शौर्य शिकवीत नाही; आणीबाणीत विचार करण्याची शक्ती नाहीशी होते, तेव्हा पायांना वाट ठाऊक असावी, एवढेच ती करते. सैन्यातील सायंकाळची ‘गिनती’ आणि जोडीदाराची ‘बडी’ पद्धत शाळेत जशीच्या तशी आणता येईल. प्रत्येक मुलाला एक जोडीदार. मैदानात आल्यावर आधी जोडीदार शोधावयाचा, मग हजेरी. यात एकटे पडणारे मूलही आपोआप लक्षात येते.

तिसरी गोष्ट प्रसंगानंतरची, आणि तीच सर्वांत दुर्लक्षित आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचे सार तीन शब्दांत सांगता येते: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण अडचणीत आहे ते पाहावे. त्याला बोलावयाचे असेल तर ऐकावे, पण बोलण्यास भाग पाडू नये. आणि अन्न, निवारा, कुटुंब, डॉक्टर यांपैकी ज्याची गरज असेल त्याच्याशी त्याला जोडून द्यावे. ‘सांग, तेव्हा काय काय पाहिलेस?’ असे चारचौघांत विचारणे हा उपचार नव्हे. ज्याने स्वतः सोबती गमावला आहे, त्याला हे सांगावे लागत नाही. केव्हा नुसते शेजारी बसावे, हे तो जाणतो.

वर्धा जिल्ह्यात अशा प्रसंगांसाठी स्फोटच व्हावा लागतो असे नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकऱ्यांसाठी जे मदतीचे पॅकेज जाहीर केले, त्यातील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत वर्धा एक होता. ज्या घरातील कर्त्या पुरुषाने फवारणीचे औषध घेतले, त्या घरचे मूल तेरावे उरकून पुन्हा वर्गात येते. त्या पहिल्या दिवशी वर्ग त्याच्याशी कसा वागणार, हे कोणी ठरविलेले असते काय? ३ फेब्रुवारी २०२० रोजी हिंगणघाट येथे एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवून देण्यात आले आणि आठवड्याने तिचे निधन झाले. खटला चालला, आरोपीस जन्मठेप झाली. परंतु त्या रस्त्याने रोज ये-जा करणाऱ्या मुलींच्या मनातील धास्तीचा निकाल कोणत्या न्यायालयात लागावा?

आक्षेप आणि अटी

या विचारावर आक्षेप येतील, आणि ते निराधार नाहीत. सैनिक आला की शाळेची छावणी होईल, असे काहींना वाटेल. ही भीती खरी ठरू नये यासाठी काही अटी आधीच घालाव्या लागतील. शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना बंदी केली आहे. उठाबशा, कोंबडा, उन्हात उभे करणे यांना ‘शिस्त’ म्हणण्याची सोय कोणालाही, पदके मिळविलेल्या सुभेदारालाही, असता कामा नये. मुलांमध्ये वावरणाऱ्या प्रत्येकाची करावी तशी पोलिसांकडून पडताळणी त्याचीही व्हावी. रणांगणावर उपयोगी पडणारी चढ्या आवाजाची सवय वर्गात घातक ठरते, म्हणून शाळेत पाऊल टाकण्यापूर्वी त्याला बालमनाविषयीचे प्रशिक्षण मिळावे.

आणखी एक गोष्ट संकोच सोडून सांगितली पाहिजे. काही माजी सैनिकांच्या स्वतःच्याच जखमा अजून ओल्या असतात. अशाने इतरांना सावरण्यापूर्वी स्वतः उपचार घ्यावा, यात कमीपणा नाही. किंबहुना, ‘मलाही झोप लागत नसे, मी डॉक्टरांकडे गेलो,’ असे एखाद्या हवालदाराने नववीच्या मुलांपुढे साध्या शब्दांत सांगितले, तर पुरुषाने रडू नये, या समजुतीला जो धक्का बसेल तो दहा व्याख्यानांनी बसणार नाही.

शिक्षकांची तक्रारही ऐकली पाहिजे. जनगणना, निवडणूक, पोषण आहार यांच्या नोंदींनी आधीच वाकलेल्या शिक्षकावर आणखी एक नोंदवही लादली गेली, तर ही योजना कपाटात जाऊन पडेल. म्हणून पाहणी, सराव आणि हजेरीची व्यवस्था माजी सैनिकाने उचलावी. मूल मात्र शिक्षकाचेच राहावे. शाळेत मुख्याध्यापक वरिष्ठ, सुभेदार साहाय्यक, ही उतरंड उलटता कामा नये.

वर्ध्यानेच आरंभ का करावा

या कामास लागणारी बहुतेक सामग्री वर्धा जिल्ह्यात हाताशी आहे. सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान १९६९ पासून उभे आहे, सावंगीलाही वैद्यकीय महाविद्यालय आहे. मनोविकारतज्ज्ञांसाठी नागपूरचे तोंड पाहण्याची गरज नाही. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयापाशी माजी सैनिकांची नोंद असते. पुलगावच्या परिसरातील दहा-बारा शाळांपासून, सेवाग्रामच्या डॉक्टरांनी प्रशिक्षित केलेल्या मोजक्या निवृत्त जवानांना घेऊन, एक वर्ष प्रयोग करून पाहण्यास फार मोठा पैसा लागणार नाही. लागेल ती जिल्हा परिषदेची इच्छा.

याहूनही एक सखोल कारण आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार देशापुढे आला. मुलाचे हात, बुद्धी आणि मन ही वेगळी करता येत नाहीत, हा त्याचा गाभा. त्या सेवाग्रामपासून चाळीसएक किलोमीटरवर पुलगावचे दारूगोळा भांडार आहे. एकाच जिल्ह्यात ही दोन टोके नांदत आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नाही असे आपण समजतो. परंतु स्वतः गांधीजींनीही एकेकाळी गणवेश घातला होता. १८९९ च्या बोअर युद्धात त्यांनी उभारलेल्या भारतीयांच्या पथकाने जखमींना डोल्यांतून मैलोन्‌मैल वाहून नेले; १९०६ मध्ये सार्जंट मेजर हा हुद्दा लावून त्यांनी झुलूंच्या चाबकाने फाटलेल्या पाठी धुतल्या, ज्यांना स्पर्श करण्यास गोरे परिचारक तयार नव्हते. त्या गणवेशाच्या खांद्यावर बंदूक नव्हती, डोली होती.

माजी सैनिकाने शाळेत यावे ते या वाटेने. मुलांना युद्धासाठी तयार करण्याची घाई कोणालाच नाही. फटाक्याच्या आवाजाने बाकाखाली लपलेल्या मुलापाशी जाऊन, गुडघे टेकून, हळू आवाजात ‘मी येथे आहे’ एवढे म्हणणारे कोणी शाळेत असावे, याची मात्र घाई आहे. ते ज्याला साधेल, त्याने आपल्या सैनिकी आयुष्यातील सर्वांत अवघड धडा गावाला दिला असे म्हणावे लागेल.